पेट्रोल पंपाशेजारच्या घराची माती आणि मातीतली वाफ कशी तपासावी

बोअरवेलच्या पाण्याला पेट्रोलचा वास येऊ लागतो, किंवा लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला मेकॅनिक डोळे चोळत वर येतो. मग सोसायटीतला एखादा उत्साही सभासद अंगणातली मूठभर माती प्लास्टिकच्या पिशवीत बांधतो आणि जवळच्या प्रयोगशाळेत नेऊन देतो. आठवड्याने अहवाल येतो, त्यात ‘तेल व ग्रीस : आढळले नाही’ असे लिहिलेले असते आणि विषय मिटतो. अशा अहवालात प्रयोगशाळेची चूक बहुधा नसतेच. ती माती वरच्या वीतभर थरातली होती, पेट्रोल तिथे नव्हतेच. असते तरी पिशवीतून आणि उन्हातल्या प्रवासातून ते उडून गेले असते. आणि तेल व ग्रीसची चाचणी उडून न जाणारे तेलच मोजते, त्यामुळे पेट्रोलमधले पटकन उडणारे विषारी बेंझीन तिच्या जाळ्यात सापडत नाही. नमुना कुठून, किती खोलवरून आणि कसा घेतला, यावर अहवालाची किंमत ठरते. पुढचे सर्व विवेचन याच तीन प्रश्नांभोवती आहे. ते मुख्यतः महाराष्ट्रातल्या दख्खनी कातळावरच्या घरांसाठी आहे, कारण आपल्याकडची काळी माती, मुरूम आणि भेगाळ कातळ ही रचना परदेशी मार्गदर्शिकांतल्या वाळूच्या जमिनीसारखी वागत नाही.

आधी धोका, मग तपासणी

तळघर, लिफ्टचा खड्डा, जमिनीखालची पाण्याची टाकी, केबलचा चर किंवा ड्रेनेजचे चेंबर अशा बंद जागेत पेट्रोलचा स्पष्ट वास येत असेल, तर तो तपासणीचा विषय नसून अग्निशमन दलाचा आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती खोलगट जागी साचते आणि हवेत तिचे प्रमाण सुमारे १.४ टक्के झाले की ठिणगीने पेट घेऊ शकते. अशा वेळी तिथला पंप किंवा दिवा चालू करू नये आणि चालू असलेला बंदही करू नये, कारण बटण दाबताना ठिणगी पडते. माणसे बाहेर काढावीत आणि १०१ किंवा ११२ वर कळवावे. वास कमी झाल्यासारखा वाटला तरी त्यावर विसंबू नये. नाक थोड्याच वेळात त्या वासाला सरावते.

विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर एक साधी परीक्षा घरीच करता येते. काडीने तवंग ढवळावा. काचेचे तुकडे पडावेत तसा तो फुटला आणि तसाच राहिला, तर तो बहुधा लोहजीवाणूंचा असतो. फिरून आणि पसरून पुन्हा एकसंध झाला, तर तेलाचा संशय धरावा. हा पुरावा नव्हे, पण पुढचा खर्च करायचा की नाही हे ठरवायला पुरेसा आहे.

जागेचा इतिहास

खोदकामाच्या आधी कागद आणि माणसे यांच्याकडे जावे. शेजारी पंप कधी सुरू झाला, टाक्या कोणत्या बाजूला आहेत, टँकर कुठे उभा राहून माल उतरवतो, टाक्या कधी बदलल्या, आपल्याच भूखंडावर पूर्वी गॅरेज, रॉकेलचा डेपो किंवा ट्रकचा तळ होता का, जनरेटरची डिझेल टाकी कुठे होती, हे जुन्या रहिवाशांना आणि वॉचमनला विचारावे. पुनर्विकासासाठी जुन्या पंपाची जागा घेतली जात असेल, तर सन २००० हे वर्ष लक्षात ठेवावे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले; त्याआधी चाललेल्या पंपाच्या मातीत शिसेही तपासावे लागते.

संशयित इंधन कोणते, यावर चाचण्यांची यादी ठरते. पेट्रोलसाठी बेंझीन, टोल्यूइन, इथाइलबेंझीन आणि झायलीन हे चार, त्यांच्यासोबत नॅप्थलीन, एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एक द्रव्य) आणि हलक्या, लवकर उडणाऱ्या पट्ट्यातले एकूण हायड्रोकार्बन तपासावेत. डिझेल आणि रॉकेलसाठी मधल्या पट्ट्यातले हायड्रोकार्बन, नॅप्थलीन आणि बहुवलयी संयुगे तपासावीत. गॅरेजच्या जळक्या ऑइलसाठी जड पट्टा आणि जड धातूही घ्यावेत. बीएस-६ पेट्रोलमध्ये बेंझीनला आकारमानाने एक टक्क्यापर्यंत मुभा आहे, म्हणजे हजार लिटर पेट्रोल जमिनीत मुरले तर त्यातले बेंझीन दहा लिटरपर्यंत असू शकते. आजच्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉलही असते. मातीतले जीवाणू ते आधी खातात, त्यात ऑक्सिजन संपवतात आणि मिथेन तयार करतात. त्यामुळे बेंझीनचे विघटन रेंगाळते आणि स्फोटाचा एक वेगळा धोका उभा राहतो. म्हणून नव्या गळतीच्या संशयात मिथेन मोजल्याशिवाय तपासणी पुरी झाली असे मानू नये.

छिद्रे कुठे घ्यावीत

भूजल सहसा जमिनीच्या उताराने, नाल्याच्या दिशेने जाते. पण कातळात भेगा जिकडे नेतील तिकडे ते जाते. आपल्या आवारात आणि शेजारी मिळून किमान तीन विहिरी किंवा बोअर असतील, तर त्यांच्या पाण्याची पातळी एकाच दिवशी, एकाच संदर्भउंचीवरून मोजावी. दिशा त्यातून कळते. पंपाकडच्या कुंपणाला लागून दोन किंवा तीन, इमारतीच्या पंपाकडच्या भिंतीजवळ एक किंवा दोन आणि वरच्या उताराला, जिथे संशय नाही अशा जागी एक, अशी छिद्रे एका मध्यम भूखंडाला सुरुवातीला पुरतात. शेवटचे छिद्र वाचवण्याचा मोह होतो, पण तुलनेला स्वच्छ माती नसेल तर समोरचा पक्ष ‘या भागाची माती अशीच आहे’ असे म्हणायला मोकळा राहतो.

ड्रेनेज, पावसाळी गटार आणि केबलचे चर यांच्याकडे विशेष पाहावे. चर बुजवताना टाकलेली वाळू आणि खडी ही वाफेची आणि द्रवाचीही वाट असते. पंपापासून दूरच्या खोलीत वास येतो आणि जवळच्या खोलीत येत नाही, याचे उत्तर अनेकदा अशा चरात सापडते. छिद्र पाडण्यापूर्वी गॅसची पाइपलाइन, वीज आणि दूरसंचार यांच्या केबली कुठून जातात याची खातरजमा संबंधित कंपन्यांकडून लेखी करून घ्यावी. २०२३ पासून त्यासाठी केंद्र सरकारचे ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲपही आहे. पहिला दीड मीटर तरी हाताने खोदावा.

किती खोल आणि कोणत्या यंत्राने

हाताने फिरवायचा ऑगर (माती काढण्याचा गिरमिट) काळ्या मातीत दोन-तीन मीटर सहज जातो आणि मुरमाला लागला की अडतो. तिथे थांबून ‘कातळ लागला’ असे लिहिणे ही आपल्याकडची सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण पेट्रोल नेमके तिथेच साचते. ते मातीतून सरळ खाली उतरते, मुरूम आणि घट्ट कातळ यांच्या सांध्यावर पसरते आणि पावसाळ्यात भूजल वर आले की त्याच्यासोबत वर उचलले जाते. पाणी जेवढ्या पट्ट्यात वर्षभर वरखाली होते, तेवढ्या पट्ट्याला त्याचा लेप बसतो. दोन लाव्हाथरांच्या मधला तांबड्या मातीचा थर लागला, तर पेट्रोल त्यावर अडून आडवे दूरवर जाऊ शकते. म्हणून छिद्र निदान उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पातळीपर्यंत किंवा घट्ट कातळापर्यंत न्यावे.

त्यासाठी इमारतीच्या पायाची माती तपासणारे कंत्राटदार वापरतात ते रोटरी यंत्र आणि स्प्लिट स्पून (उभी उघडणारी पोकळ नमुना-नळी) मागवावे. नमुन्याच्या खोलीवर पाणी किंवा चिखल न वापरता काम करण्याची अट लेखी घालावी. बोअरवेलची कॉम्प्रेसरवाली गाडी बोलावू नये. ती स्वस्त असते, पटकन येते आणि दाबाच्या हवेने भुगा वर फेकताना त्यातली वाफ उडवून लावते. शिवाय दूषित थर भेदून खालच्या स्वच्छ पाण्यापर्यंत नवी वाट करून देते.

एका बंगल्याच्या आवारात वरच्या दोन मीटरांत काळीभोर, कोरी, वासरहित माती निघत होती आणि मालक ‘आता पुरे’ म्हणू लागले होते. सव्वातीन मीटरवरचा स्पून उघडला तेव्हा एरवी पिवळसर दिसणारा मुरूम करडा-हिरवट झालेला होता, नखाने फोडल्यावर आत ओलसर चकाकी होती आणि वास यायला नाक जवळ न्यावे लागले नाही. (नाक जवळ नेऊ नयेच.) पिशवीत घेतलेल्या मातीवरचा वाफमापकाचा आकडा आधीच्या खोलीवर ४ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत वाफेचे ४ भाग) होता, इथे ३८० झाला. वरच्या दोन मीटरांवर थांबलो असतो तर अहवाल स्वच्छ आला असता आणि खोटा ठरला असता.

ही पिशवीची पद्धत सोपी आहे. दर अर्ध्या मीटरवरची थोडी माती झिपच्या पिशवीत निम्म्यापर्यंत भरावी, पिशवी बंद करून गुठळ्या फोडाव्यात, सावलीत दहा मिनिटे ठेवावी, मग हलवून पीआयडी या वाफमापकाची नळी कोपऱ्यातून आत घालून सर्वांत मोठा आकडा टिपावा. पीआयडी भाड्याने मिळतो. त्याचा दिवा १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा असावा आणि त्या दिवशी सकाळी प्रमाणित वायूने तो जुळवलेला असावा. प्रत्येक छिद्रातून निदान तीन नमुने प्रयोगशाळेत जावेत : सर्वांत मोठा आकडा दाखवणारा, पाण्याच्या पातळीच्या लगेच वरचा आणि तळाचा स्वच्छ वाटणारा. पिशवीतली माती मात्र प्रयोगशाळेत पाठवू नये. ती फक्त खोली निवडण्यासाठी असते.

मातीचा नमुना भरताना

स्पून उघडल्यापासून बाटलीचे झाकण लागेपर्यंत जेवढा वेळ जातो तेवढे बेंझीन कमी होते. सुईकडचे टोक कापलेली प्लास्टिकची सिरिंज ताज्या मातीत दाबून सुमारे पाच ग्रॅमचा दंडगोल काढावा आणि तो प्रयोगशाळेने आधीच वजन करून, मिथेनॉल घालून दिलेल्या बाटलीत सोडून झाकण लावावे. मिथेनॉलच्या बाटल्या मिळाल्या नाहीत, तर हवाबंद नमुना-नळीत घेतलेली माती ४ अंश सेल्सिअसला ठेवून ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावी. मिथेनॉलमध्ये घेतलेल्या नमुन्याला १४ दिवस मिळतात. डिझेलसाठी आणि ओलावा मोजण्यासाठी वेगळी काचेची बरणी घ्यावी, जिच्या झाकणाला आतून टेफ्लॉन असेल, आणि ती गच्च भरावी. सगळे बर्फाच्या पेटीत ठेवावे.

हातमोजे प्रत्येक नमुन्याला बदलावेत. बाटलीवर लिहायला पेन्सिल किंवा बॉलपेन वापरावे, कारण जाड मार्करच्या शाईत झायलीन असू शकते. त्या दिवशी नमुने घेणाऱ्याने आपल्या गाडीत पेट्रोल भरू नये आणि जनरेटरच्या इंधनाचा डबा असलेल्या डिकीत पेटी ठेवू नये. हे काटेकोरपण अनेकांना अतिरेकी वाटते, पण समोरच्या वकिलाला ते वाटत नाही. दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना (त्याच जागेचा दुसरा नमुना) घ्यावा आणि प्रत्येक पेटीत प्रयोगशाळेतून भरून आलेली एक कोरी बाटली न उघडता परत जावी. तिच्यात बेंझीन निघाले तर दोष प्रवासातला असतो.

मातीतली वाफ

माती स्वच्छ निघाली म्हणजे घरातली हवा निर्धास्त झाली असे होत नाही. द्रव पेट्रोल शेजारच्या भूखंडात राहून त्याची वाफ भेगांतून फरशीखाली येऊ शकते. यात पेट्रोलच्या बाजूने एक सुदैवाची गोष्ट आहे : हवा खेळती असलेल्या मातीत जीवाणू पेट्रोलची वाफ थोड्याच अंतरात खाऊन टाकतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ मध्ये याच आधारावर अंतरे सुचवली : फरशी आणि द्रव पेट्रोल यांच्यात १५ फूट, किंवा फरशी आणि पेट्रोल विरघळलेले भूजल यांच्यात ६ फूट स्वच्छ, जिवंत माती असेल तर वाफ घरात शिरण्याची शक्यता कमी. आपल्याकडे ही अंतरे डोळे मिटून लावू नयेत, कारण ती मातीसाठी आहेत. भेगाळ कातळातून वाफ जीवाणूंना चुकवून येते.

कोणत्या घरांना धोका जास्त, हेही यातूनच ठरते. खाली मोकळे पार्किंग असलेल्या इमारतीत वाफ वाऱ्यावर विरून जाते. जमिनीला टेकलेली तळमजल्याची घरे, दुकाने, वॉचमनची खोली, तळघर आणि लिफ्टचा खड्डा यांच्याकडे लक्ष द्यावे. जमिनीखालची पाण्याची टाकी आणि तिची पॉलिथिलीनची पाइपलाइनही विसरू नये. बेंझीन पॉलिथिलीनच्या भिंतीतून आणि रबरी जोडांतून पाण्यात झिरपते, त्यासाठी पाइप फुटलेला असावा लागत नाही.

वाफेचा नमुना दीड मीटरपेक्षा उथळ शक्यतो घेऊ नये, नाहीतर वरची हवाच ओढली जाते. छिद्राच्या तळाशी जाळीचे टोक ठेवून त्याभोवती वाळू, वर कोरडे आणि मग पाण्याने फुगवलेले बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती) भरून छिद्र गच्च बंद करावे. नळी टेफ्लॉनची किंवा नायलॉनची असावी. सिलिकॉनची नळी वाफ शोषते. ठोकून बसवलेल्या नळीला दोन तास आणि ऑगरने पाडलेल्या छिद्राला ४८ तास स्थिर होऊ द्यावे. नमुन्याआधी बाहेरची हवा आत येत नाही ना, हे पाहण्यासाठी नळीच्या तोंडावर पालथे झाकण ठेवून त्यात हेलियम सोडतात आणि ओढलेल्या वाफेत तो सापडतो का पाहतात. ही परीक्षा न केलेला वाफेचा अहवाल मी तरी स्वीकारत नाही. नंतर नळीतील हवेच्या तिप्पट आकारमान काढून टाकावे आणि मिनिटाला २०० मिलिलिटरपेक्षा कमी वेगाने पोलादी निर्वात डब्यात किंवा शोषक नळीत नमुना घ्यावा. त्याच जागी ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन मोजावेत. ऑक्सिजन एक-दोन टक्क्यांच्या खाली गेला असेल, तर जीवाणूंचे काम थांबले आहे असे समजावे.

घराच्या फरशीखालची वाफ घ्यायची असेल, तर फरशीला बोटभर छिद्र पाडून पितळी किंवा पोलादी पिन बसवतात. घरातल्या हवेचा नमुना त्याच्या जोडीने, चोवीस तासांचा घ्यावा. पण आदल्या दिवसापासून उदबत्ती, धूप, डासांची कॉइल आणि रंगकाम बंद ठेवावे, आणि स्कूटर व्हरांड्यात लावू नये. उदबत्तीच्या धुरातही बेंझीन असते आणि देवघराचा दोष पंपाच्या माथी बसतो.

ऋतूचा विचार इथे मोठा आहे. एप्रिल-मे महिन्यांत काळ्या मातीला हात जाईल अशा भेगा पडतात आणि वाफ वर मोकळी होते. पावसाळ्यात माती फुगून झाकण बसते आणि तीच वाफ आडवी सरकून कोरड्या राहिलेल्या फरशीखाली जमते. म्हणून एक फेरी मे महिन्यात आणि दुसरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्यावी. जोराच्या पावसानंतर पाच दिवस थांबावे.

अहवाल वाचताना

प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे एवढे पुरत नाही. त्या मान्यतेच्या यादीत ‘माती’ या शीर्षकाखाली बेंझीन आहे का, हे पाहावे. मोजमापाची खालची मर्यादा आपल्या निकषापेक्षा कमी हवी, नाहीतर ‘आढळले नाही’ला अर्थ उरत नाही. मातीचे आकडे कोरड्या वजनावर मागावेत. राहत्या जागेच्या मातीसाठी अमेरिकी प्राथमिक निकष बेंझीनला किलोला सुमारे १.२ मिलिग्रॅम आहे आणि नेदरलँड्सचा हस्तक्षेपाचा आकडा १.१ आहे. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची बेंझीनची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. भारतीय मानक १०५०० मध्ये खनिज तेलाला लिटरला ०.५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ती पाळली गेली म्हणून बेंझीन सुरक्षित ठरत नाही.

वाफेसाठी थोडा हिशेब करावा लागतो. बाहेरच्या हवेत बेंझीनची भारतीय वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. फरशीखालच्या वाफेतला सुमारे ०.०३ इतका अंश घरात येतो असे अमेरिकी मार्गदर्शनात सावधपणे धरले जाते. म्हणजे ५ ला ०.०३ ने भागून फरशीखाली सुमारे १६७ मायक्रोग्रॅमच्या वर आकडा गेला की घरातली हवा मोजायलाच हवी. आता पीआयडीकडे पाहा : बेंझीनचा १ पीपीएम म्हणजे घनमीटरला सुमारे ३,१९० मायक्रोग्रॅम. साध्या पीआयडीची सर्वांत लहान पायरी ०.१ पीपीएम, म्हणजे ३१९ मायक्रोग्रॅम. कंत्राटदार पडद्यावरचे शून्य दाखवून ‘काही नाही’ म्हणाला, तरी १६७ची रेषा ओलांडलेली असू शकते. पीआयडीला मिथेन तर दिसतच नाही.

कागद आणि कचेऱ्या

पहिल्या वासाची तारीख सोसायटीच्या इतिवृत्तात लिहावी. राष्ट्रीय हरित लवादाकडे पर्यावरणविषयक वाद नेण्याची मूळ मुदत कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांची आहे आणि नुकसानभरपाईची पाच वर्षांची. नमुने घेण्याच्या आठ दिवस आधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला, जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि पंपचालकाला पत्र देऊन उपस्थित राहण्यास कळवावे. टाक्यांच्या परवान्याचा विषय पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेकडे जातो, त्यांनाही प्रत द्यावी. पंपचालक आले तर प्रत्येक नमुन्याची जोड त्यांना द्यावी, मोहर लावावी, पंचनामा करून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. नंतरचा निम्मा वाद तिथेच संपतो. टाकीतल्या रोजच्या साठ्याची नोंदवही मंडळामार्फत मागावी, कारण साठ्यातली तूट आणि मातीतले पेट्रोल यांच्या तारखा जुळल्या की बोलण्यासारखे फार उरत नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यांत संशयित स्थळ कळवण्याची जबाबदारी स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासन यांच्यावर आहे, म्हणून महापालिकेला दिलेल्या पत्रात त्या नियमांचा उल्लेख करावा.

मातीची छिद्रे त्याच दिवशी बेंटोनाइटने तळापासून वरपर्यंत बुजवावीत. वाफेच्या नळ्या मात्र काढू नयेत. त्यांवर लोखंडी झाकण बसवून क्रमांक रंगवावा आणि आराखड्यात जागा दाखवावी. मग वॉचमनला आणि आवारात पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्या ठेकेदाराला ती झाकणे स्वतः नेऊन दाखवावीत, म्हणजे ऑक्टोबरच्या फेरीला आपण पोचू तेव्हा त्यांच्यावर सिमेंट ओतलेले नसेल.